पांढऱ्या पेशींसाठी सांगावा

केमो सुरू असलेल्या बाईच्या घरी गेलं, की 'पेशी कमी झाल्या' हे शब्द कानावर पडतातच. आमच्या कुडव्यातही ते आता नवे राहिले नाहीत. नागपूर इथून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. तिथे केमो घेऊन बाई घरी येते आणि मग पोटाच्या कातडीखाली घ्यायचं एक इंजेक्शन सुरू होतं. शेजारच्या काकूंनी मला विचारलं, "का वं बाई, हे ताकदीचं इंजेक्शन होय का?"

ताकदीचं नाही, सांगाव्याचं!

आपल्या हाडांच्या पोकळीत मज्जा असते. तिथे रोज सुमारे 10,000 कोटी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी पहिली झुंज घेणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होतात. पण आपोआप नाही बरं का! शरीर काही प्रथिनांचे रेणू सोडतं. तो रेणू पेशीला चिकटला, की तिला सांगावा मिळतो : वाढ, तयार हो, जगून राहा. सांगावाच आला नाही, तर कोवळी पेशी मरून जाते. धानाच्या पऱ्ह्यांसारखंच हे. पाणी उगवायला लागतं, तसंच टिकायलाही.

न्यूट्रोफिलसाठीच्या या रेणूचं नाव जी-सीएसएफ. असे रेणू शोधण्यात मेलबर्नच्या डोनाल्ड मेटकाफ यांनी आयुष्य वेचलं. 1991 मध्ये अमेरिकेत त्याचं औषध मंजूर झालं, फिल्ग्रास्टिम. आता ते भारतातही बनतं. केमोच्या माऱ्यात मज्जेतल्या पेशीही सापडतात. उरलेल्यांना हे औषध जोरात सांगावा देतं. डाळिंब-बीट जरूर खा, पण हे काम त्यांना जमत नाही.

दोन दिवसांत कंबर ठणकली, म्हणून काकू इंजेक्शन सोडायला निघाल्या होत्या. मज्जा कामाला लागली की हाडं दुखू शकतात. डॉक्टरांना सांगा, पण मनाने गोळी घेऊ नका. तिने तापही झाकला जातो. इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. वीज गेली तर काय करायचं, ते औषधवाल्याला आधीच विचारून ठेवा.

आणि मैत्रिणींनो, घरात थर्मामीटर हवाच. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पेशी सर्वात कमी असतात. तेव्हा सूज नाही, पू नाही. पुष्कळदा ताप एवढीच खूण. 100.4 च्या वर पारा गेला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. 'सकाळी बघू' म्हणायचं नाही.