अबोल्याच्या आत

भांडण पेटलं की घरात एकजण बोलत सुटतो आणि दुसरा अबोला धरतो. बोलणाऱ्याला वाटतं, समोर दगड बसलाय. तो दगड नसतो, हे तान्ह्या मुलांनी दाखवून दिलं.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या मुलांवर एक प्रयोग केला. आई काही मिनिटं खोलीबाहेर जायची आणि परत यायची. बरीच मुलं तिला बिलगायची. काही मात्र तिच्याकडे ढुंकूनही न पाहता खेळत राहायची. किती शहाणं बाळ, असं कुणीही म्हणेल! पुढे संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते चांगलेच वाढलेले निघाले. जवळ गेलं की झिडकारलं जातं, हे ती एवढ्या वयात शिकली होती. मोठेपणी संसारातल्या अबोल्यामागे कित्येकदा असंच काहीतरी असतं.

‘जरा मोकळं बोलत जा’ या उपदेशाने हा अबोला सुटत नाही. १९८०च्या दशकात कॅनडात सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी जोडप्यांसाठी भावनाकेंद्री उपचारपद्धती विकसित केली. त्यात थेरपिस्ट चूक कुणाची हे ठरवत नाही, भांडणाचा वेग कमी करतो. समजा, तो नवऱ्याला विचारतो, “त्यांचा आवाज चढला तेव्हा तुम्हाला आत काय झालं?” बऱ्याच वेळाने उत्तर येतं, “काहीही बोललो तरी चुकणारच, अशी भीती वाटली.” बायकोने हे कधी ऐकलेलंच नसतं. तिच्या तावातावामागचं एकटेपणही मग बाहेर येतं. माझ्या मते खरा उपचार इथे घडतो: भीती बोलून दाखवली आणि कुणी झिडकारलं नाही, हा नवा अनुभव.

२०१३ साली जॉन्सन आणि जेम्स कोन यांच्या गटाने नात्यात नाखूश असलेल्या स्त्रियांचा मेंदू एमआरआयमध्ये पाहिला. पायाला विजेचा सौम्य झटका बसू शकतो, असं त्यांना सांगितलेलं होतं. या उपचारांपूर्वी जोडीदाराचा हात धरूनही मेंदूतली धोक्याची खळबळ फारशी शमत नव्हती, उपचारांनंतर ती शमली. अभ्यास लहान होता, उपचार न घेणारा तुलनागटही नव्हता. तरीही तो मला मोलाचा वाटतो.

घरात मारहाण होत असेल तर मात्र दोघांनी एकत्र बसण्याचा हा मार्ग नव्हे. तिथे आधी सुरक्षितता.

जुनं शिकलेलं पुसलं जात नाही. शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांना घंटेपाठोपाठ अन्न मिळायचं, म्हणून नुसत्या घंटेलाही लाळ गाळण्याची सवय लागली; ती मोडल्यावरही काही काळाने परतायची. तसा ताणाच्या दिवशी अबोलाही परततो. पण आता दोघांपैकी एकाला तरी तो सुरू होतानाच ओळखू येतो.