तळ्याचा काठ म्हणजे पडीक जमीन नव्हे

१९७२ चा दुष्काळ भोगलेली पिढी आता थकली आहे. त्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात अनेक पाझर तलाव झाले. सुकडी खाऊन, डोक्यावर मातीच्या पाट्या वाहून आपल्याच आयाबहिणींनी हे बांध घातले. विहिरींना पाणी लागावे, एवढाच हेतू होता. पण पाणी साचले आणि काठाला एक नवी वस्ती झाली.

बेंबळी भागात हिवाळ्याच्या सकाळी एखाद्या तळ्याकाठी उभे राहिलो, की ही वस्ती आपल्याला दिसते. लांब लाल पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात किडे टिपतो. टिबुकली बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. शेपटी हलवणारा पांढरा धोबी उत्तरेकडच्या थंड मुलखातून आलेला पाहुणा असतो. पाणकणसाच्या दाटीत पाणकोंबडी घरटे करते.

पाणकणीस, लव्हाळा ही आपल्याला निरुपयोगी गवते वाटतात. पण त्यांची मुळे काठाची माती धरतात, गाळ अडवतात आणि शेतातून उतरलेले खत शोषतात. त्यांच्या बुडाशी माशांची पिले वाढतात. चतुराची पिले पाण्यातच राहून डासांच्या अळ्या खातात. काठ पेटवला, की हे पहारेकरीही जातात. बेशरम आणि जलपर्णी मात्र काढायलाच हव्यात. जलपर्णीचा थर ऊन अडवतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात.

गोदावरी-कादवा संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर हेही माणसाने बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच पाणथळ झाले. २०२० साली ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. मात्र पाणथळ जागांसाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून पिण्यासाठी व सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणून गावच्या तळ्याची राखण गावालाच करावी लागेल.

तेव्हा बंधूभगिनींनो, काठावर कचरा टाकू नये, पाणकणीस पेटवू नये. गाळ काढताना एका बाजूचे गवत राखावे. ग्रामसभेत तळ्याची हद्द मोजून मागावी. मुलांना तिथे न्यावे, पक्षी दाखवावेत आणि हा बांध कोणी घातला, तेही सांगावे.