लहान मुलांच्या घरगुती शिक्षणाची स्वस्त साधने : पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात

मुलाचे शिक्षण शाळेत नाव घातल्यावर सुरू होते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बोलणे, मोजणे, ओळखणे, वर्गवारी करणे ही शिक्षणाची पहिली कामे मूल घरातच करू लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयोगटाला पायाभूत स्तर मानले. या स्तरासाठी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तर तीन ते सहा या वयातील मुलांसाठी नेमलेले पाठ्यपुस्तक असू नये असे स्पष्ट म्हटले आहे. असे असूनही बाजारात नेमक्या याच वयासाठी रंगीत वर्कबुके, प्लास्टिकचे संच आणि ‘किट’ यांची रेलचेल दिसते. शेजारच्या मुलाकडे असलेला संच आपल्या मुलाकडे नसला तर ते मागे पडेल, ही धास्ती या विक्रीमागे असते.

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांत हा प्रश्न खर्चाशी निगडित आहे. डिचोलीतील असंख्य कुटुंबांची मिळकत खाणींवर, ट्रकांवर आणि बार्जांवर अवलंबून होती. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. काही ठिकाणी खनिजकाम नंतर सुरू झाले असले, तरी महिन्याच्या ठरावीक पगाराची जुनी शाश्वती त्या घरांत परतली असे म्हणता येत नाही. पेडण्यात शेती, मासेमारी आणि किनाऱ्यावरचा पर्यटनाचा हंगाम यांवर घर चालते. पावसाळ्यात हात आखडतो, आणि जून महिना, म्हणजे शाळेचा खर्च, नेमका तेव्हाच येतो. अशा घरात बालशिक्षणाच्या संचावर पैसे घालावेत की नाहीत, हा चैनीचा प्रश्न राहत नाही. मार्च २०२० पासून महासाथीच्या काळात शाळा बंद राहिल्या तेव्हा घर हीच शाळा झाली. मोबाइल एक, मुले दोन-तीन आणि डोंगराआड रेंज नाही, अशा घरांत साधन म्हणजे काय, हे नव्याने विचारावे लागले.

कोसबाडचा धडा

या प्रश्नाचे उत्तर मराठी मुलखात फार पूर्वी शोधले गेले आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. मुलाने हाताने करून, निवडून, चुका सुधारत शिकावे हे माँटेसोरी पद्धतीचे तत्त्व त्यांना मान्य होते. अडचण होती ती साधनांच्या किमतीची. घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, मोजून कापलेले दंडगोल, रंगाच्या पाट्या हे सगळे शहरातील सुस्थितीतील बालमंदिराला परवडे. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली पाड्यांत विकतच्या साधनांचा विचारही करता येत नव्हता. त्यांनी पाने, फुले, बिया, खडे, शिंपले यांनाच साधनांचा दर्जा दिला. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्यातील अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना या कामातूनच पुढे आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

या कामाचा अर्थ पुष्कळदा ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा केला जातो. तो अपुरा आहे. शिंपले आणले की साधन झाले असे नव्हे. लहान-मोठे क्रमाने लावणे, सारखे ते एकत्र ठेवणे, एकास एक जोडी लावणे, असे एकच काम त्या शिंपल्यांतून पुढे आले पाहिजे आणि आपले चुकले हे मुलाला स्वतःला दिसले पाहिजे. विकतच्या महाग साधनाची खरी किंमत त्याच्या या रचनेत असते, लाकडात किंवा रंगात नव्हे. रचना समजून घेतली की वस्तू परसातली चालते.

परसातील आणि किनाऱ्यावरील साधने

या बाबतीत दोन्ही तालुके श्रीमंत आहेत. मोरजी, हरमल, केरी येथील किनाऱ्यावर शिंपले मिळतात. घरी शिजवलेल्या तिसऱ्यांचे शिंपले धुऊन, उकळून, उन्हात वाळवले तरी भागते. आकार, खरखरीतपणा, रंग यांनुसार ते लावण्यात चार वर्षांचे मूल बराच वेळ रमते. नारळाच्या करवंट्या मापे म्हणून वापराव्यात. ‘मोठ्या करवंटीत लहान करवंटीची किती मापे मावतात?’ हा प्रश्न पाण्याने आणि वाळूने सोडवता येतो. चिंचोके फोडून एक बाजू पांढरी, एक तपकिरी असे फासे जुन्या घरांत अजून खेळतात; पाच फाशांत किती पांढरे आणि किती तपकिरी पडले हे सांगताना पाचाची सगळी विभागणी मूल तोंडपाठ न करता शिकते. डिचोली मातीच्या भांड्यांसाठी ओळखली जाते. कुंभाराकडची मूठभर मळलेली माती हे बोटांना लेखनासाठी तयार करणारे उत्तम साधन आहे. रांगोळी आणि धान्य निवडणे यांचेही तेच.

येथे काही धोके स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोका, मणी, खडा असे तोंडात मावेल असे काहीही देऊ नये. श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. लाल-काळी गुंज दिसायला मोहक असली तरी तिच्या बीत जहाल विष असते, आणि माळेसाठी ती टोचली वा चावली गेली की कठीण कवचाचे संरक्षण जाते. एरंडाच्या आणि पिवळ्या कण्हेराच्या बियाही वर्ज्य समजाव्यात. हंगामात प्रत्येक अंगणात पडलेल्या कच्च्या काजूबियांच्या टरफलात कातडी भाजणारे तेल असते. मोजण्यासाठी त्या सोयीच्या वाटतात, पण मुले त्या चावतात किंवा फोडू पाहतात. तेव्हा त्या टाळलेल्याच बऱ्या.

बावन्न आणि पंचवीस

मराठी संख्यावाचन ही लहान मुलांची खरी अडचण आहे आणि तेथे स्वस्त साधन महागड्या संचापेक्षा अधिक उपयोगी पडते. ‘बावन्न’ हा शब्द ऐकताना मुलाला आधी दोनाचा ध्वनी ऐकू येतो, मग पन्नासाचा. लिहिताना मात्र आधी पाच लिहावा लागतो. त्यामुळे ‘बावन्न’ ऐकून २५ लिहिणारे मूल मंद नसते, ते कानाशी प्रामाणिक असते. ‘एकोणतीस’ मध्ये तर तिसातून एक वजा आहे, पण लिहायचा आहे दोन आणि नऊ. उर्दूतील ‘बावन’, ‘उनतीस’ यांचीही हीच गत आहे, त्यामुळे घरी दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाला या बाबतीत वेगळी सूट मिळत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वादात भाषेच्या अस्मितेवर जितके बोलले गेले तितके मुलाच्या अडचणीवर बोलले गेले नाही.

उपाय सोपा आहे. झावळीचे हीर सारख्या लांबीचे कापून, टोके बोथट करून, दहा-दहाच्या जुड्या रबराने बांधाव्यात. नऊ जुड्या आणि दहा सुटे हीर एवढ्यात शंभरापर्यंतचे सारे गणित होते. ‘बावन्न’ म्हटल्यावर मुलाने पाच जुड्या डावीकडे आणि दोन सुटे हीर उजवीकडे ठेवावेत, मगच अंक लिहावा. एकोणतिसासाठी तीन जुड्या ठेवाव्यात, एक सोडावी आणि त्यातला एक हीर काढून घ्यावा. शब्दातले ‘एक उणे’ मुलाला हाताने कळते. या साधनाला झाडूइतकाही खर्च येत नाही.

अक्षरांचा तक्ता

छापील साधनांत सर्वांत खपणारी वस्तू म्हणजे मुळाक्षरांचा तक्ता. म्हापसा किंवा डिचोलीच्या बाजारात तो घेताना पालकांनी एक गोष्ट पाहावी : त्यात ‘ळ’ आहे का? स्वस्त तक्ते पुष्कळदा हिंदीसाठी छापलेले असतात. त्यांत ‘ळ’ नसतो, टिंब दिलेले ड आणि ढ असतात, ‘ल’ व ‘श’ यांची वळणे वेगळी असतात आणि ‘अ’पाशी ‘अनार’ असते. नारळ, केळ आणि फळ या शब्दांवर वाढलेल्या मुलाला ‘ळ’ नसलेला तक्ता देणे विचित्रच.

घरी केलेला तक्ता अधिक चांगला होतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक अक्षर मोठे लिहावे. क्रम अ-आ-इ असाच ठेवण्याची गरज नाही. ग, म, भ, न या सारख्या वळणाच्या अक्षरांनी आरंभ करण्याची मराठी शाळांतील रीत हाताला सोपी आहे. चित्रशब्द मुलाच्या परिसरातले असावेत : भ भिरंडीचा, फ फणसाचा, ह होडीचा, म आगरवाड्याच्या मिठाचा. घरात कोकणी असेल तर ‘उ’पाशी ‘उदक’ लिहायला हरकत नसावी. घरी ‘सुणें’ आणि शाळेत ‘कुत्रा’, घरी ‘न्हंय’ आणि पुस्तकात ‘नदी’ असे दोन शब्द मुलाला एकमेकांशेजारी लिहून दाखवले तर त्याचा गोंधळ होत नाही. घरचा शब्द चुकीचा ठरवला तर मात्र ते गप्प होते. पुढे पेडणे, साखळी, मये, डिचोली या गावांच्या पाट्या हेच वाचनपाठ होतात. ‘म्हापसा’ जोडाक्षरामुळे थोडा थांबवावा.

साखळी-डिचोली भागातील ज्या घरांतून मूल मक्तबातही जाते, तेथे एक विशेष काळजी घ्यावी लागते. अरबी-उर्दू लिपी उजवीकडून डावीकडे चालते, देवनागरी डावीकडून उजवीकडे. त्यात उर्दूतील अंक पुन्हा डावीकडूनच लिहिले जातात. दोन्ही लिपींची कार्डे वेगळ्या रंगांची ठेवून सुरुवातीच्या बाजूला ठळक टिंब द्यावे. दोन्ही धडे एकाच बैठकीत घेऊ नयेत.

गोष्टींची पुस्तके

परसात मिळत नाही ते एकच साधन : गोष्टीचे पुस्तक. सुदैवाने येथेही आता खर्च फारसा उरलेला नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे व्यासपीठ उघडले. त्यावरील सचित्र गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत. त्या उतरवून घेता येतात, छापता येतात आणि भाषांतरही करता येते. मराठीतील गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. आरंभी पानावर एक-दोन वाक्यांच्याच निवडाव्यात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला कमी किमतीत मिळते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके व खेळण्यांच्या कृती विनामूल्य आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकीय प्रतीत मोफत उतरवता येतात; ती महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाची आहेत, गोव्यातील शाळेच्या पुस्तकाशी धड्यागणिक जुळतीलच असे नाही, पण चित्रवाचनासाठी उत्तम. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, चित्रकार्डे आणि गोष्टी यांचा संच आणला. त्याचा मोठा भाग पाहून घरी करता येण्यासारखा आहे.

मोबाइलवर गोष्ट दाखवणे आणि पुस्तकातून वाचणे यांत फरक पडतो. पडद्यावर बोट फिरले की पान निसटते, मध्येच फोन येतो. आठ-दहा गोष्टी छापून, शिवून ठेवल्या तर त्या वर्षभर पुरतात. लहान मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी असते आणि वाचनाची सुरुवात त्या पुनरावृत्तीतूनच होते.

सहा वर्षांनंतर मात्र प्रश्न बदलतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १० नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. ते न केल्यास पालकाला शिक्षेची तरतूद त्यात नाही, आणि घरीच शिकवण्याचा उल्लेखही नाही. जी मोजकी कुटुंबे तरीही घरीच शिकवतात त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क हे अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीशी समकक्ष स्तर उपलब्ध आहेत. पेडणे-डिचोलीतील बहुसंख्य पालकांना शाळेला पर्याय नको आहे. मूल पहिलीत बसेल तेव्हा त्याला पुस्तक परके वाटू नये, एवढेच त्यांना हवे आहे.

त्यासाठी एका वाड्यावरील सात-आठ घरांनी मिळून एक पेटी केली तरी पुरते : हिरांच्या जुड्या, शिंपल्यांची पिशवी, अक्षरांची कार्डे आणि शिवलेल्या गोष्टी. आठवड्याला ती एका घरातून दुसऱ्या घरी जावी. झाकणाच्या आतील बाजूला वस्तूंची यादी चिकटवावी आणि परत देताना मोजणीचे काम मुलांकडेच सोपवावे. अंगणवाडीसेविकेला आधी विचारले तर पेटी ठेवायला जागा आणि कदाचित काही जुनी साधनेही तेथेच मिळू शकतील.