पाया खणण्याआधी जमिनीची चौकशी : व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

सांगलीत २००५ साली पूर आला, २०१९ साली आला आणि २०२१ साली पुन्हा आला. दर वेळी कृष्णेचे पाणी दुकानांत आणि गोदामांत शिरले. कापडाच्या धंद्यात पाण्याचे नुकसान काय असते ते आम्हांला नव्याने सांगायला नको. भिजलेला तागा धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवला तरी तो पहिल्या भावाला जात नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत सांगली, मिरज, कराड या पट्ट्यातले बरेच व्यापारी उंचावरची जागा शोधत आहेत. कोणी गोदाम बांधतो, कोणी दुकानांचे गाळे काढतो. शिवाय रस्त्यांचे रुंदीकरण आणि रेल्वेची कामे आहेतच.

या लेखात आम्ही एका वेगळ्याच बाबीकडे लक्ष वेधू इच्छितो. नदीकाठची जी उंच, पुरापासून सुरक्षित जागा आज आपण शोधतो, तीच जागा आपल्या आधी दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनीही शोधली होती. तेही पुराला भीत होते, त्यांनाही धान्य आणि कापड कोरडे ठेवायचे होते. त्यामुळे नदीकाठच्या टेकाडावर जेसीबी लावला की मातीत खापरे, राख, मोठाल्या विटा, कधी कोरीव दगड लागतात. अशा वेळी काय करावे, कायदा काय म्हणतो आणि आपले नुकसान कसे टाळावे, हे व्यापाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

आमची चूक

आधी आमचीच गोष्ट कबूल करतो. १९९६ साली आमच्या पेढीने मिरजेच्या बाजूला एक गोदाम बांधायला काढले. पाया खणताना पाच-सहा फुटांवर एक घडीव दगड निघाला. माती पुसल्यावर त्यावर फारसी अक्षरे दिसली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, अक्षरे तर लागत होती, पण लिपी वळणदार आणि झिजलेली, त्यामुळे दोन-चार शब्दांपलीकडे मजकूर लागला नाही. अब्बा म्हणाले, कोणा जाणकाराला दाखवू. ठेकेदार म्हणाला, शेठ, बातमी बाहेर गेली तर सहा महिने काम बंद, आणि पुढे जागाही जाईल. मालाची गाडी यायची होती, व्याज चालू होते. दगड तिथेच पालथा घातला आणि वर काँक्रीट ओतले.

आज ते गोदाम उभे आहे आणि दगड त्याच्या पोटात आहे. तो एखाद्या विहिरीचा होता, सराईचा होता की कोणाच्या कबरीचा, हे आता कळायचे नाही. ठेकेदाराने घातलेली भीती बरीचशी खोटी होती, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कायदा वाचल्यावर समजले. तेवढ्यासाठीच हा लेख.

आपल्या भागात जमिनीखाली काय आहे?

गावच्या जमिनीला आपल्याकडे दोन नावे आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जिथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, तिथली माती राखेने आणि चुन्याने पांढुरकी होते. जुन्या गावाची पांढर उंच दिसते ती याच कारणाने. पुष्कळ ठिकाणी ही माती शेतात टाकायला किंवा भरावाला उचलून नेतात, आणि तिच्याबरोबर गावाचा इतिहासही ट्रॉलीत भरून जातो.

कराडचेच पाहा. मध्य प्रदेशात भरहुत येथे इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यावरच्या दानलेखांत ‘करहकट’ म्हणजे आजच्या कराडचे नाव आहे. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात ६० हून अधिक लेणी आहेत. शहरात नकट्या रावळाची पायऱ्यांची विहीर आहे आणि आदिलशाही काळातली दोन उंच मनोऱ्यांची मशीद आहे. कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे आणि तिथून बंदरांकडे जाणारी वाट जुन्या काळापासून व्यापाराची.

ताम्रपटांची गोष्ट तशीच. राष्ट्रकूट राजा गोविंद चौथा याचा ९३३ सालचा ताम्रपट ‘सांगली ताम्रपट’ म्हणून ओळखला जातो. कृष्ण तिसरा याचा ९५९ सालचा ताम्रपट कऱ्हाडचा आहे, आणि चालुक्य राजा जयसिंह याचा १०२४ सालचा मिरजेचा. कोणाच्या तरी हाती हे तांब्याचे पत्रे लागले आणि ते मोडीत गेले नाहीत, म्हणून हजार वर्षांपूर्वी कोणते गाव कोणाला दिले हे आज सांगता येते. मिरज-कोल्हापूर भागातल्या बाराव्या शतकातल्या शिलालेखांत वीर-बणंज या व्यापारी संघाचा उल्लेख येतो. म्हणजे आपल्या व्यवसायाचे जुने कागदपत्रही याच मातीत आहेत.

कापडवाल्यांसाठी आणखी एक दाखला देतो. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. पैठण आणि तेर येथून गाड्यांवर माल लादून भडोच बंदराला जात असे, आणि तेरच्या मालात साधे कापड आणि मलमल होती, असे त्यात लिहिले आहे. त्या देवघेवीचा पुरावा आपल्या शेजारी कोल्हापुरातही निघाला. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर खोदकाम झाले, तेव्हा रोमन बनावटीची पॉसायडन या समुद्रदेवतेची कांस्य मूर्ती मिळाली. ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी कोल्हापूरच्या खरेदीला गेल्यावर जरूर पाहावी.

आधी पाहणी, मग बांधकाम

आपली कृष्णा पुढे आंध्र आणि तेलंगणाच्या सीमेवर जाते. तिथे नागार्जुनसागर धरण बांधायचे ठरले, तेव्हा पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंडा या प्राचीन नगरीचे १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे उत्खनन झाले. काही वास्तू दगड मोजून, खुणा करून उचलल्या आणि टेकडीवर पुन्हा उभारल्या. आज ती टेकडी जलाशयातले बेट आहे आणि तिच्यावर वस्तुसंग्रहालय आहे. धरणही झाले आणि इतिहासही राहिला.

उलट उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. उजनीच्या जलाशयात बुडालेले पळसदेवचे देऊळ पाणी आटले की वर येते आणि लोक पाहायला जातात. आपल्याकडे कोयनेच्या शिवसागराखालीही गावे गेली. त्यांच्याबरोबर विहिरी, देवळे, कबरी आणि वीरगळही गेले असतील. धरणाने वीज आणि पाणी दिले, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र पाणी भरण्यापूर्वी गावोगाव वही-पेन्सिल घेऊन नोंद करायला धरणाच्या मानाने खर्च किती आला असता, हा व्यापाऱ्याचा साधा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये १९९० पासून सरकारचे धोरण झाले की बांधकामाची परवानगी देण्याआधीच जमिनीखाली काय आहे याचा विचार करायचा, आणि त्याचा खर्च बांधणाऱ्याने सोसायचा. फ्रान्सने २००१ साली यासाठी कायदाच केला. तुर्कस्तानात इस्तंबूलला समुद्राखालून रेल्वे नेताना २००४ पासून खोदकामात एक अख्खे जुने बंदर आणि ३७ जहाजांचे अवशेष सापडले. काम काही वर्षे लांबले आणि रेल्वे २०१३ साली सुरू झाली. तागा फाडण्याआधी तपासायचा असतो, सदरा शिवल्यावर नाही. तोच हा हिशेब आहे.

पाहणी म्हणजे लगेच मोठे उत्खनन नव्हे. पहिली पायरी कागदाची : जुने गॅझेटियर आणि नकाशे पाहणे. साताऱ्याचे १८८५ चे गॅझेटियर पाहिले तर त्यात आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे भागही मिळतात, कारण सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि सांगली हे नाव त्याला १९६० साली मिळाले. दुसरी पायरी पायाची : जाणकार माणूस नांगरलेल्या जमिनीवरून ओळीने चालत जातो आणि खापरे, विटा, बांगड्यांचे तुकडे कुठे दाट आहेत ते नकाशावर मांडतो. तिसरी पायरी, शंका असेल तरच, दोन-तीन छोटे चर खणून थर पाहणे. थरांचा क्रम महत्त्वाचा. ताग्यावरचा नंबर निघून गेला की तो कुठल्या यंत्रमागावरचा, कोणाच्या खात्याचा हे सांगता येत नाही. तसेच थरातून उपटून काढलेल्या नाण्याचे होते.

कायदा काय म्हणतो?

इथे नीट समजून घ्यावे. आपल्या देशात प्रत्येक बांधकामाआधी अशी पाहणी करण्याची सरसकट सक्ती नाही. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची मंजुरी घेताना जवळच्या सांस्कृतिक वारशाची माहिती द्यावी लागते. पण साध्या गोदामाला किंवा गाळ्यांना ती अट लागत नाही. मात्र पुढील तीन कायदे सर्वांना लागू आहेत.

पहिला, १९५८ चा केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा. त्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करता येते. उल्लंघनाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १०० मीटरच्या आत १६ जून १९९२ पूर्वीची इमारत असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. राज्याच्या संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे.

दुसरा, १८७८ चा निखात निधीचा कायदा. जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याचा हिस्सा बुडतो, आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण इमानदारीने कळवले आणि वस्तूचा मालक कोणी ठरला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश असा वाटा कायद्यानेच ठेवला आहे. सरकारला वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर त्याचा मोबदलाही देण्याची तरतूद आहे.

तिसरा, १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा. १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, कोरीव दगड अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून ‘चोरबाजारात विकून टाका’ असा सल्ला देणारा आपल्याला गुन्ह्यात ओढतो आहे, हे ओळखावे.

जागा जाईल का?

हीच खरी भीती. एखादा दगड निघाला म्हणून जमीन सरकारजमा होत नाही. जागा केंद्राची संरक्षित करायची असेल तर दोन महिन्यांची जाहीर नोटीस द्यावी लागते, आणि त्या मुदतीत मालकाला हरकत घेता येते. काम काही दिवस थांबेल, हे मात्र खरे आहे, ते आम्ही लपवत नाही. म्हणून ज्याची जागा पांढरीवर, जुन्या किल्ल्याच्या, लेण्याच्या किंवा दर्ग्याच्या जवळ असेल, त्याने सौद्याआधीच चौकशी करावी आणि कामाच्या वेळापत्रकात थोडी मुदत धरावी.

बांधवांना आमचा सल्ला असा :

१. खरेदीआधी सात-बारा पाहतो तशी संरक्षित स्मारकांची यादीही पाहावी. सातारा-सांगलीसाठी केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे मुंबई मंडळ आहे, आणि राज्याचे पुरातत्त्व संचालनालय वेगळे आहे. दोन्हींकडे चौकशी करावी.

२. ठेकेदाराशी करार करताना ‘काही निघाल्यास काम थांबवून मालकास कळवावे’ अशी एक ओळ घालावी.

३. काही निघाले तर हलवू नये. आहे त्या जागी फोटो काढावा, खोली मोजावी आणि तहसीलदारांकडे लेखी द्यावे. पोच घ्यायला विसरू नये.

४. वस्तू कोणत्या धर्माची, कोणाची, याची चर्चा चौकात करू नये. दगड जाणकाराने वाचेपर्यंत तो फक्त दगड आहे. अफवेने बाजार बंद पडतो आणि त्यात सर्वांचेच नुकसान होते.

५. फारसी किंवा अरबी लेख असेल तर नागपूरला केंद्रीय पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आहे. तिथे फोटो पाठवता येतो. आमच्या उर्दू शाळांतल्या हुशार मुला-मुलींनी हे वाचन शिकून घेतले तर त्यांना कामही मिळेल आणि गावाचीही सेवा होईल.

२०२५ साली मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आहे. आनंदाची गोष्ट आहे, आणि येणाऱ्या पाहुण्यांमुळे बाजारालाही बरकत येईल. पण इतिहास किल्ल्यावरच असतो असे नाही. तो पांढरीच्या मातीत, पडक्या विहिरीत, बाजारवाटेवरच्या दगडातही असतो, आणि तो बहुधा पुरातत्त्व खात्याच्या माणसाआधी आपल्या मजुराच्या फावड्याला लागतो.

आम्ही आमचा दगड परत काढू शकत नाही. जमिनीत सापडलेली वस्तू ही मागच्यांनी ठेवलेली अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब चोख ठेवणे व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. ज्यांचा पाया अजून खणायचा आहे, त्यांनी आमच्यासारखी घाई करू नये, एवढीच विनंती.