मिश्र सिमेंटचे दृढीभवन

सिमेंट ‘वाळते’ असे बोलण्याचा प्रघात आहे. वस्तुतः हे क्रियापद दिशाभूल करणारे होय. सिमेंट पाणी गमावून नव्हे, तर पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. क्लिंकरमधील सिलिकेटे व पाणी यांच्या अभिक्रियेतून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट हा बंधक पदार्थ निर्माण होतो, आणि काही चुना मोकळा होतो.

क्लिंकर भाजताना चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून त्याचा काही अंश वगळून औष्णिक वीजकेंद्रातील राख मिसळतात. राखेतील काचरूप सिलिका प्रारंभी जवळजवळ निष्क्रिय असते. पुढे त्या मोकळ्या चुन्याशी तिचा संयोग होऊन नवा बंधक तयार होतो व सूक्ष्म छिद्रे भरत जातात. ही क्रिया आठवड्यांनी, कित्येकदा महिन्यांनी मोजावी लागते. ओलावा सरला की ती खुंटते. म्हणूनच भारतीय मानक ४५६ (२०००) साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७, तर मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओले ठेवण्यास सांगते.

गवंडी यालाच ‘पाणी मारणे’ म्हणतो, आणि त्याचा शब्द सुशिक्षितांच्या ‘वाळण्या’पेक्षा शास्त्राला अधिक जवळचा आहे. ‘स्लॅब वाळला’ म्हणून चौथ्या दिवशी पाणी थांबविले, तर राखेकडून पुढे मिळावयाचे बळ बव्हंशी मिळतच नाही.