पावसानंतर लवराकच्या मागे जाताना

पाऊस थांबून आभाळ जरा उघडलं की अश्दोद, अश्कलोनच्या दगडी बंधाऱ्यांवर गळ घेतलेली माणसं दिसू लागतात. त्यांत सत्तरी ओलांडलेली आपली मंडळीही असतात. मी त्यांना दोष देत नाही, लवराक मासाच तसा आहे. खवले आणि पर दोन्ही असलेला, म्हणून आपल्याला चालणारा. पेण-अलिबागकडचा जिताडा ज्यांनी खाल्लाय त्यांना तर तो ओळखीचाच वाटेल. वादळानंतर पाणी गढूळ होतं, लाटांबरोबर कोळंबी आणि बारीक मासे दगडांपाशी येतात आणि त्यांच्या मागे लवराक. म्हणून समुद्र शांत व्हायच्या आत पोहोचायची घाई होते.

पडण्याबद्दल फार सांगत नाही. ओले, शेवाळलेले दगड आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना येणारी चक्कर, एवढं पुरे. एकटे जाऊ नका, पायांत पकड असलेले बूट घाला, लाटा दगडांवरून येत असतील तर परत फिरा.

मला बोलायचं आहे ते काट्याबद्दल. लवराकच्या पाठीवरच्या पराला टोकदार काटे असतात आणि कल्ल्यांची झाकणंही हात कापतात. पहिला पाऊस, ज्याला इथे योरे म्हणतात, येतो तेव्हा समुद्र अजून कोमट असतो आणि रस्त्यांवरची घाण नाल्यांतून त्यात उतरलेली असते. कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू वाढतात. १९९६-९७ मध्ये या देशात ६२ जणांना अशाच एका जंतूची बाधा झाली होती. ते मासे समुद्रातले नव्हते, तळ्यांतले होते, पण जंतू शिरला तो जिवंत मासे हाताळताना झालेल्या जखमांतून. तेव्हा मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी हातापायावर साधा ओरखडा असला तरी त्या पाण्यात हात घालू नये. जाड हातमोजे घाला.

काटा लागलाच तर जखम साबण आणि नळाच्या स्वच्छ पाण्याने पाच मिनिटं धुवा. हळद दाबू नका (आजीची आठवण ठेवा, हळद स्वयंपाकात घाला). गळाचा आकडा रुतला असेल तर ओढू नका, त्याला उलटं टोक असतं. तसेच दवाखान्यात जा आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती तेही तिथे सांगा.

कधी लवराकऐवजी सिकान लागतो. त्याचे काटे विषारी असतात आणि कळ जिवघेणी वाटते. त्यावर उपाय गरम पाणी: ४० ते ४५ अंश, हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. मधुमेहाने ज्यांच्या हातापायांची जाणीव कमी झाली आहे त्यांनी पाणी दुसऱ्याच्या कोपराने तपासून घ्यावं, नाहीतर काट्यापेक्षा भाजण्याचंच दुखणं मोठं होईल.

नंतरचा एक दिवस जखमेवर लक्ष ठेवा. लाली पसरत गेली, फोड आले, थंडी वाजून ताप आला किंवा जखम दिसते त्याहून जास्त दुखू लागली तर सकाळची, कुपत खोलीमच्या वेळेची वाट पाहू नका. लगेच इस्पितळ गाठा किंवा १०१ ला फोन करा, आणि माशाचा काटा लागला हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

घरी बसून मासा साफ करणाऱ्या भगिनींनाही हेच लागू. आधी कात्रीने पाठीवरचा पर कापून टाका, मग खवले काढायला घ्या.