रुपेरी दाढेचं गुपित

बालमित्रांनो, हसताना एखादी दाढ चमकते, असा एक तरी मित्र तुमच्या वर्गात असेल. आपण लगेच म्हणतो, "अरे, चांदीची दाढ!" पण ती चांदी नसते बरं का! दुधाच्या दाढेवरची ती टोपी बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. म्हणजे आपल्या घरच्या पोळ्यांच्या डब्याची जवळची नातलगच! लोखंड, क्रोमियम आणि निकेल हे तिचे मुख्य घटक.

आता विचार करा, तोंडात टिकणं किती अवघड! चोवीस तास ओल. आता गरम दूध, घटकाभरानं थंडगार सरबत. त्यात लिंबू-चिंचेचा आंबटपणा आणि मीठ. शिवाय मोठ्या माणसानं जोर लावून दाढा आवळल्या, तर त्यांच्यावर ५०-६० किलो वजनाइतका दाब येतो. साधं लोखंड इथे गंजेल. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, म्हणून तर त्याला कल्हई करावी लागते. तेव्हा पितळही बाद!

सोनं मात्र गंजत नाही. ते पडलं राजधातू! म्हणून मोठ्यांच्या दातांवर पूर्वी सोन्याच्या मिश्रधातूच्या टोप्या बसवत. पण १९७०च्या दशकात जगभर सोन्याचे भाव भडकले आणि दंतवैद्य साध्या धातूंकडे अधिक वळले. निकेल-क्रोमियम आणि कोबाल्ट-क्रोमियम हे त्यातले दोन प्रमुख मिश्रधातू.

खरी गंमत क्रोमियमची. त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि धातूवर ऑक्साइडचा पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर धरतो. गरम दुधावर साय धरते ना, तसाच. साय काढली की पुन्हा धरते. इथेही ओरखडा पडला तर थर आपोआप पुन्हा तयार होतो. हा थर खालच्या धातूला जपतो.

करून पाहा : दोन वाट्यांत थोडं मिठाचं पाणी घ्या. एकीत लोखंडी खिळा, दुसरीत स्टीलचा चमचा ठेवा. सकाळी दोन्ही पाहा. कोणाच्या अंगावर 'साय' आहे, ते लगेच कळेल!

कोबाल्ट-क्रोमियमची गोष्टही मजेशीर आहे. अमेरिकेतले एलवुड हेन्स न डागाळणाऱ्या सुऱ्या-चमच्यांसाठी धातू शोधत होते. १९०७ साली त्यांना या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. त्याची चमक पाहून त्यांनी लॅटिनमधल्या 'तारा' या शब्दावरून त्याला 'स्टेलाइट' नाव दिलं. पुढे १९३०च्या दशकात हा धातू दंतवैद्यकात आला.

हे धातू सोन्याच्या मिश्रधातूंपेक्षा सुमारे दुप्पट ताठ असतात, म्हणजे दाबानं सहज वाकत नाहीत. म्हणून कवळीची पट्टी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पातळ केली तरी चालते. वजनालाही ते हलके. तेवढ्याच आकाराचा शुद्ध सोन्याचा तुकडा दुपटीहून जड भरेल.

पण घडवणाऱ्याची मात्र कसोटी! मूर्ती ओततात तसं आधी मेणाचं रूप करायचं, त्याभोवती साचा बांधायचा, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं. या धातूंना साधारण १३०० ते १४०० अंश लागतात. थंड होताना ते दोन टक्क्यांहून जास्त आकसतात. टोपी सैल बसली तर फटीत अन्न अडकणार, घट्ट झाली तर ती बसणारच नाही! म्हणून तापल्यावर नेमका तेवढाच फुगणारा साचा वापरतात. घासून चकचकीत करणं तर फारच चिवट काम. काही निकेल मिश्रधातूंत बेरिलियम घालत. घासताना उडणारी त्याची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांना घातक असते, म्हणून आता बेरिलियम नसलेले धातू निवडतात.

पालकांसाठीही एक गोष्ट. खोट्या कानातल्यांनी कान चिघळतो किंवा घड्याळाच्या पट्ट्यानं मनगटाला खाज सुटते, असं काहींचं होतं. बऱ्याचदा कारण निकेलच असतं. घरात कोणाला असा त्रास असेल, तर दातावर काही बसवण्याआधी दंतवैद्यांना जरूर सांगा आणि धातू कोणता, तेही विचारा. निकेलशिवायचे पर्याय आज मिळतात. झिर्कोनियासारखी बिनधातूची, दाताच्या रंगाची टोपीही मिळते.

"दुधाची दाढ पडणारच, मग खर्च कशाला?" असंही काहींना वाटतं. पण मागची दुधाची दाढ दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत तोंडात असते. तोवर ती घास चावते आणि खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा राखून ठेवते. ती लवकर गेली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. तेव्हा चमकणारी दाढ पाहून मित्राला चिडवू नका हं!

आणि रुपेरी दाढवाल्यांनो, टोपी किडत नाही, पण तिच्या कडेजवळचा दात किडू शकतो. म्हणून हिरडीलगतची ती कड सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी ब्रशनं नीट घासा.